बिरादार सरांची पाठ

सकाळी मी माझ्या मेससाठी तांदूळ मोजून घेत होते, तेव्हा बिरादार सरांच्या घरून काकूंचा फोन आला. "सुनंदा, तुझे सर गेले गं... झोपेतच गेले." मी पहिला प्रश्न विचारला तो असा : "काकू, झोपले कसे होते?" त्या चिडल्या नाहीत, गोंधळल्याही नाहीत. म्हणाल्या, "उताणे. हात छातीवर. पहाटं घोरत बी व्हते." मी माप पोत्यावर ठेवलं आणि तिथंच बसले. सर गेले होते, आणि ते उताणे झोपलेले असताना गेले हे ऐकून मला बरं वाटत होतं. मृत्यूची बातमी देणाऱ्याला असा प्रश्न कोणी विचारत नाही, हे मला कळतं. तो मी का विचारला आणि काकूंना तो वेगळा का वाटला नाही, हे सांगितल्याशिवाय सरांबद्दल लिहिता येणार नाही. त्यांना जाऊन आता महिना होऊन गेला. गावात त्यांच्याबद्दल एक गोष्ट चुकीची सांगितली जाते आहे, म्हणून लिहायला बसले.

बिरादार सर मुदखेडला आमच्या शाळेत मराठी आणि शारीरिक शिक्षण शिकवत. शाळा सुटली की रुळांपलीकडच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवत. उंची बेताची, मान आखूड, कान कुस्तीत चुरगळून कांद्याच्या भज्यासारखे झालेले. पाचवीत असताना आम्ही धड्याकडे कमी आणि त्या कानांकडे जास्त बघायचो. फळ्यावरचं त्यांचं अक्षर त्यांनाही लागत नसे. कोणी तक्रार केली तर म्हणत, "वाचता येत न्हाई? मंग ऐका." चहात साखर कमी पडली की तोंड वाकडं करत आणि उशिरा येणाऱ्याला, मग ते मुख्याध्यापक का असेनात, घड्याळ दाखवत. 'पाठ' हा त्यांचा आवडता शब्द. कुस्तीत पाठ मातीला लागली की गडी हरला. शाळेत पाठ म्हणजे धडा, आणि पाठ म्हणजे तोंडपाठसुद्धा. सर तिन्ही एका दमात वापरत. "पाठ सातवा काढा. कविता पाठ हाय का रे? न्हाई? मंग चल मैदानात, तुझी पाठ लावतो." वर्ग हसायचा आणि ज्याला म्हटलं तोही हसायचा, कारण सरांनी कधी कोणाला हात लावला नाही. ज्याला कविता येत नसे त्याची ते येणाऱ्याशी जोड लावत. "कुस्तीत जोड बराबरीची लावतेत, वर्गात उलटी," असं त्यांचं म्हणणं. माझी जोड अशा पोराशी लागली होती की ज्याला कडवं संपेपर्यंत सुरुवात आठवत नसे. त्याला येईपर्यंत मला त्या वर्षीच्या सगळ्या कविता अशा पाठ झाल्या की आजही पोळ्या लाटताना येतात.

तालमीत मुलींना प्रवेश नव्हता. सरांनी तो नियम मोडला नाही. पुढे मोठेपणी मी त्यांना एकदा विचारलं, तर लपवाछपवी न करता म्हणाले, "तवा सुचलंच न्हाई. सुचायला पायजे व्हतं." पण खेळाच्या तासाला लांब उडीच्या वाळूत त्यांनी आम्हा मुलींना पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, हात टेकवायचा नाही, खांद्यावरून गोल व्हायचं. एकीचे वडील शाळेत भांडायला आले. "सर, पोरींना पाडायलात कामून?" सर म्हणाले, "आयुष्यभर तिच्या मागं उभं ऱ्हानार हाव का झेलायला? ऱ्हानार असाल तर बंद करतो." वडील चहा पिऊन गेले. पुढे मी लातूरला राहायला आल्यावर मंडीच्या रस्त्यावर सांडलेल्या डाळीवरून माझी स्कूटी घसरली, तेव्हा माझं डोकं वाचलं ते त्या वाळूमुळे. कोपर तेवढं सोललं. संध्याकाळी फोन करून सांगितलं तर सरांनी विचारलं, "हनुवटी कुठं व्हती?" म्हटलं, छातीला. "मंग बरोबर हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

तरुणपणी भोकरच्या जत्रेत सरांची एका नामांकित पैलवानाशी कुस्ती लागली होती. दिवस मावळला तरी निकाल लागेना, म्हणून पंचांनी बरोबरीत सोडवली. एवढीच ती गोष्ट. गावानं तिचं 'बिरादार गुरुजींची पाठ कधी लागलीच नाही' असं करून टाकलं. सर दुरुस्त करायला जात, पण ऐकतो कोण. रहीमभाई हे त्यांचे तालमीतले पहिल्यापासूनचे जोडीदार, स्टेशन रोडला टायरचं दुकान आहे. ते तर वैतागून म्हणत, "अरे, मी सोता लावलोय याची पाठ! एकदा न्हाई, धा बार! पन मला इचारतंय कोन? गुरुजी मशहूर, मी पंक्चरवाला." सर मान डोलावत. "खरं हाय. या जिल्ह्यातल्या समद्या जत्रांची माती माझ्या पाठीला ओळखती."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, पोळ्याच्या सुमारास, सर बसून झोपायला लागले. काकूंनी फोनवर सहज सांगितलं, "आता भितीला टेकूनच निजतेत. आडवं व्हा म्हनलं तर आयकत न्हाईत." कारण विचारलं की सर म्हणत, "पैलवानानं पाठ लावायची नसती." गावाला ते फार आवडलं. या वयातही गुरुजी नेम पाळतात, असं पारावर कौतुक झालं. रहीमभाई चिडवत, "जवानीत पाळला न्हाई, आता बुढापे में याद आया?" तालमीतल्या दोघा-तिघांनी बसून झोपायचा प्रयत्नही करून पाहिला आणि मान धरून घेतली. फोनवर ऐकून मीही हसले होते. ज्यांनी आयुष्यभर शब्दांवर कोट्या केल्या, त्यांची ही आणखी एक कोटी, एवढंच कोणालाही वाटलं असतं. स्वतः सरांनाही तसंच वाटत होतं. आडवं झालं की जीव घाबरतो, बसलं की बरं वाटतं, हे त्यांना कळत होतं. पण त्याला नाव द्यायला त्यांच्याजवळ कुस्तीतलंच वाक्य होतं, आणि ते वाक्य इतकं छान बसत होतं की पुढे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

त्या लग्नसराईत काकूंच्या भाचीच्या लग्नाला दोघं लातूरला आले. जेवणं झाल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं. मुलींचं वसतिगृह आणि मेस खाली, माझं घर वरच्या मजल्यावर. सर जिना चढताना मध्येच थांबले आणि भिंतीवरची मेसच्या वेळांची पाटी वाचू लागले. पाटी मोठ्या अक्षरांत आहे, तिला इतका वेळ लागत नाही. वर गादी घातली होती. सर तिच्यावर आडवे झाले नाहीत, भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटले. काकू हसत म्हणाल्या, "बघितलीस पैलवानाची तऱ्हा?" मी हसणार होते, तेवढ्यात त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. मोज्याचं रबर घोट्याच्या वर रुतलं होतं आणि त्याच्या वर पाय फुगलेला होता. माझ्या सासूबाई शेवटच्या दिवसांत उशांवर उशा रचून झोपत, त्यांचेही पाय असेच दिसत. मी म्हटलं, "सर, चपला घाला. दवाखान्यात जायचंय." सर म्हणाले, "आगं, लग्नाचं जेवलोय, जड झालंय जरा." मी म्हटलं, "सर, उशीर झालेला तुम्हाला चालत नाही. उठा." उठले.

डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, "बाबा, रात्री किती उशा लागतात?" सर म्हणाले, "उशी कशाला? भित हाय की." डॉक्टर हसला नाही. "कधीपासून?" काकूंनी पोळ्यापासून असं सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलला. पोळा होऊन बरेच महिने झाले होते. तपासण्या झाल्या. हृदय थकलं होतं. रक्त पुढं ढकलायची ताकद कमी झाली होती, त्यामुळं आडवं झालं की फुफ्फुसात पाणी दाटत होतं आणि माणूस गुदमरत होता. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सरळ सांगितलं : पोळ्यालाच आणलं असतं तर हृदय बरंच वाचलं असतं. आता आहे ते सांभाळायचं. "गावात कोणाच्या लक्षात आलं नाही?" त्यानं विचारलं. लक्षात सगळ्या गावाच्या आलं होतं. गाव त्याचं कौतुक करत होतं.

सुया लागल्या, पाणी उतरायला लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तर सर कॉटवर उताणे झोपले होते. पाठ पूर्ण टेकलेली, पाय लांब केलेले, नजर पंख्याकडे. काकू शेजारी स्टुलावर बसून त्यांच्याकडे नुसत्या बघत होत्या. मला बघून सर म्हणाले, "लागली गं पाठ." मी विचारलं, "कसं वाटतंय?" त्यांनी दोन्ही हात गादीवर पसरले. मग म्हणाले, "लई ग्वाड वाटायलंय. मी ईसरूनच गेलो व्हतो, असं बी झोपता येतं मनून." त्यांच्या कानशिलावरून पाणी ओघळलं. उताणं झोपलेल्या माणसाच्या डोळ्यातलं पाणी कानात जातं. काकूंनी पदरानं तो चुरगळलेला कान पुसला.

पुढे त्यांना सव्वा वर्ष मिळालं. ते त्यांनी नीट वापरलं. तालीम हाताखालच्या वस्तादाकडे सोपवली आणि स्वतः बाहेरच्या ओट्यावर बसायला लागले. गोळ्या वेळेवर घेतल्या. मिठावरून मात्र भांडले. दर रविवारी फोन : "तुझ्या डॉक्टरला सांग, पैलवानाला अळणी वरन खाऊ घालायलास, तुझं कदी भलं व्हनार न्हाई." फोन ठेवण्याआधी मी विचारायचे, "झोप कशी?" ते म्हणायचे, "चितपट." त्या सव्वा वर्षात एकही रविवार हा प्रश्न चुकला नाही. काकूंना त्या सकाळी माझा प्रश्न वेगळा का वाटला नाही, ते आता कळलं असेल.

मी पोचले तेव्हा अंत्यविधीची तयारी झाली होती. लिंगायत रीतीनं देह बसवून समाधी दिली जाते. विभूती लावलेले, हार घातलेले सर ताठ बसलेले पाहून गर्दीत कोणीतरी म्हणालं, "बघा, पैलवान बसूनच गेला. शेवटपर्यंत पाठ लावली न्हाई." दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, त्यावर सरांचा फोटो आणि खाली तेच वाक्य. शाळेतल्या शोकसभेत चार जण बोलले, चौघांनीही ते म्हटलं. मी काही बोलले नाही. शोकसभेत उठून कोणाचं वाक्य खोडत नाहीत, आणि काकू पुढच्याच रांगेत होत्या.

सभा संपल्यावर रहीमभाई पायरीवर एकटे बसले होते. मी चहा नेऊन दिला. म्हणाले, "सुनंदाताई, गुरुजी गेले आन् माझी नींदच गेली. आडवा झालो की त्येंची याद येते, छाती भरून येते. मंग उठून बसतो. आता बसूनच निजतो... यारी निभवायलोय समजा." शेजारी उभा असलेला एकजण हळहळला, "काय दोस्ती असती जुन्या मानसांची!" मी रहीमभाईंना म्हटलं, "चप्पल काढा." त्यांनी पाय मागे ओढले. "काढा म्हणते ना." त्यांनी काढली. मी खाली बसून घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला, तो भरून येईना. "हे आठ दिवसांचं नाही," मी म्हटलं. "खरं सांगा, कधीपासून बसून झोपता?" रहीमभाईंनी चहाचा कप पायरीवर ठेवला. "गुरुजी जायच्या लई आधीपासून," ते हळू आवाजात म्हणाले. "कोनाला बोललो न्हाई. गुरुजींची नक्कल करायलाय म्हनून हसले असते लोक." त्यांच्या मुलाला बोलावलं, त्यांना गाडीत घातलं आणि आम्ही थेट नांदेड गाठलं. वाटेत ते एकदाच बोलले. "गुरुजींनी वळखलं असतं का वो?" मी म्हटलं, "ओट्यावर शेजारी बसून त्यांनी तुमचे पाय बघितले असते, तर उचलून आणलं असतं."

रहीमभाई आता बरे आहेत, दुकानात बसतात, मीठ सोडलं आहे आणि त्याबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तक्रार करतात. फ्लेक्स वाऱ्यानं फाटला, उतरवला. मागच्या आठवड्यात काकूंना भेटायला गेले होते, तेव्हा तालमीवरून आले. संध्याकाळची वेळ, आत पोरांचा दंगा चाललेला. बाहेर सर बसायचे त्या ओट्यावर गावातले निवृत्त पैलवान बसले होते आणि मधोमध रहीमभाई. एका जाडजूड म्हाताऱ्याला ते विचारत होते, "रात को नींद कैसी?"

"फस क्लास," म्हातारा म्हणाला.

"आडवा होऊन?"

"मंग काय उभा ऱ्हाऊन?"

"पाय दाखव."

"आरं कामून? डागदर झालास का पंक्चरवाल्या?"

"हवा बघतो. दाखव."

म्हाताऱ्यानं एक सणसणीत शिवी दिली, धोतर वर घेतलं आणि दोन्ही पाय पुढे केले.