टीचर पुढच्या वर्गात जातात

साऱ्या वसई तालुक्यात आकाशाला शिस्त लावायची हिंमत एकाच व्यक्तीत होती, आणि ती म्हणजे माझ्या चौथीच्या टीचर. मुलं, पालक, चर्चमधले तरुण फादर, झालंच तर कुंपण ओलांडून येणाऱ्या शेजाऱ्यांच्या कोंबड्या, या सगळ्यांना त्यांनी आयुष्यभर सरळ रांगेत उभं केलं होतं. निवृत्तीनंतर रांगेत उभं करायला खाली कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. आधी फिजिक्सची पदवी घ्यायची, मग ॲस्ट्रोफिजिक्समध्ये एम.एस्सी. करायचं आणि हे तारे तिकडे नेमकं करतात तरी काय, याचा एकदाचा छडा लावायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेल्या बाकीच्या बाया तेव्हा गुडघ्याला कुठलं तेल चांगलं, याची चर्चा करत होत्या.

वडिलांच्या नोकरीमुळे माझं लहानपण निर्मळला गेलं, आणि तिथल्या शाळेत टीचरांच्या हाताखालून मी पाचवीत गेलो. पुढे तुळिंजला फ्लॅट घेतला आणि वसईतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवू लागलो. एका दुपारी स्टाफरूमच्या खिडकीखाली लुना थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ टीचर आत आल्या. हातात वाडीतली केळी. इतक्या वर्षांनी भेट होत होती, पण पहिलं वाक्य होतं, "पेन अजून तसंच मुठीत धरतोस?" मी चटकन पेन नीट धरलं. मग त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "एफ.वाय.ला ॲडमिशन हवीय. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स."

"कुणासाठी, टीचर?"

"कुणासाठी म्हणजे? मी कुणाचं नाव घेतलं का?"

हकिगत अशी की टीचर तरुणपणी इंटर सायन्स पास झाल्या होत्या. त्याच वर्षी वडील गेले. मागे आई आणि तीन धाकटी भावंडं. टीचरांनी कॉलेज सोडलं आणि गावच्या शाळेत नोकरी धरली. भावंडं शिकली, एक भाऊ कॅनडाला गेला, एक आखातात, बहीण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर झाली. लग्न करायचं टीचरांना कुणी सुचवलं नाही, आणि स्वतःहून सुचायला वेळ मिळाला नाही. दर वर्षी चौथीला सूर्यमाला शिकवायची, आणि दर वर्षी कुणीतरी विचारायचं, "टीचर, त्याच्या पुढे काय?" टीचरांचं उत्तर ठरलेलं असे: "पुढच्या वर्गात गेलास की कळेल." हे सांगून त्या म्हणाल्या, "सगळ्यांना पुढच्या वर्गात पाठवलं रे. मीच तेवढी चौथीत राहिले."

त्यांची जुनी सर्टिफिकेटं पाहून विद्यापीठाने बरेच दिवस खल केला आणि शेवटी, बहुधा टीचरांच्या रोजच्या चकरांना कंटाळून, परवानगी दिली. त्या आनंदात टीचरांनी चार्टपेपरवर पुढच्या सगळ्या शिक्षणाचा आराखडा काढला. रंगीत स्केचपेनांची नक्षी, कोपऱ्यात फुलं, शाळेत वर्गाची भिंत सजवावी तसा. एफ.वाय., एस.वाय., टी.वाय., एम.एस्सी. असे चौकोन, आणि शेवटच्या चौकोनात नुसतं 'पुढे बघू'. तो तक्ता त्यांनी हॉलमध्ये देव्हाऱ्याशेजारी लावला. शेजारच्या बाईने म्हणे नमस्कार करताना चुकून त्याच्यासमोरही क्रूसाची खूण केली.

वर्गात त्या पहिल्या बाकावर बसत. वर्गाच्या आत मला 'सर' आणि 'तुम्ही', व्हरांड्यात पाऊल पडलं की 'अरे' आणि 'तू'. मी फळा पुसायला लागलो की मागून हळूच आवाज येई, "सर, वरून खाली. आडवा पुसला की खडू उडतो." मला यायला उशीर झाला तर आत शिरेपर्यंत वर्ग टाचणी पडली तरी ऐकू यावी इतका शांत असे, कारण टीचरांनी 'हाताची घडी' एवढंच म्हटलेलं असे. एकोणीस वर्षांची, दाढी वाढलेली पोरं हाताची घडी घालून बसलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

विषयात मात्र त्यांची गती बेताची होती, हे कबूल करायला हवं. गणितात तर त्या रडकुंडीला येत. आणि निसर्गाचा गबाळेपणा त्यांना सहनच होत नसे. एखाद्या उदाहरणात 'घर्षण नगण्य मानू' आलं की त्या उठून म्हणत, "मानू म्हणजे? एकदा निर्मळहून लुनावर या, मग कळेल." इलेक्ट्रॉन कधी कणासारखा वागतो, कधी लाटेसारखा, हे शिकवलं त्या दिवशी त्या तास संपेपर्यंत अस्वस्थ होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, घरचं वळण नाही त्याला."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यांचा मला फोन येई. काहीतरी शंका असे. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की बऱ्याच शंका आदल्या आठवड्यात विचारून झालेल्या असतात. पलीकडून ना रेडिओचा आवाज, ना भांड्यांचा. मी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगे आणि त्या मधून मधून 'हं' म्हणत राहत. चहा प्यायल्याचा बारीकसा आवाज ऐकू येई. मग "बरं, ठेवते, तुझी मुलं वाट बघत असतील," म्हणून त्या फोन ठेवत.

अशी दोन वर्षं गेली आणि टी.वाय.च्या तोंडावर घात झाला. तो काळ कम्प्युटरचा होता. जो तो तिकडे धावत होता, आणि फिजिक्स घेऊन टी.वाय.ला बसायला टीचर आणि आणखी एकदोन मुलं एवढीच उरली. प्रिन्सिपॉल म्हणाले, "एवढ्यांसाठी बॅच चालवता येणार नाही." मी मान खाली घालून बाहेर आलो. त्या वेळी डिपार्टमेंटमध्ये मी एकटाच उरलो होतो. भांडायलाही सोबत लागते. टीचरांनी मात्र लुनाला किक मारली. तालुक्यातल्या निम्म्या घरांतली आई नाहीतर बाप त्यांच्या हाताखालून गेलेला. त्या एकेका घरी गेल्या, आणि गावोगाव मत मागत फिरणाऱ्या उमेदवारासारख्या फिजिक्ससाठी मुलं मागू लागल्या. राजोडीला त्यांच्याबरोबर मीही होतो. अंगणात मासळी वाळत घालणारी एक बाई टीचरांना पाहून पदराला हात पुसत उभी राहिली. तिची मुलगी एस.वाय. पास झाली होती.

"टीचर, पोरगी कम्प्युटर करनार बोलते," ती म्हणाली. "फिजिक्स करून काय मिळनार?"

मला वाटलं, आता टीचर काहीतरी थोर बोलतील. त्या म्हणाल्या, "मला अजून मिळालेलं नाही गं. मिळालं की तुला येऊन सांगेन. तोवर पोरगी सोबतीला दे."

त्या बाईने मुलगी दिली. बहुतेक 'सोबतीला' या शब्दावरच दिली. अशी आणखी तीनचार मुलं जमली आणि बॅच चालली. ते वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात आनंदाचं वर्ष होतं. निकाल लागला तेव्हा जमवून आणलेली सगळी मुलं पास झाली होती, राजोडीची मुलगी तर पहिल्या वर्गात. टीचर एका पेपरात नापास होत्या.

त्यांना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "पेपर पुन्हा देता येईल ना?" त्यांनी विचारलं.

"येईल की. नुसती परीक्षा द्यायची. वर्गात बसायची गरज नाही."

"गरज नाही," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे बसू देणार नाहीत?"

पुढच्या वर्षी बॅच निघालीच नाही. तरी जूनमध्ये टीचर आल्या आणि रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. मी म्हटलं, "टीचर, एवढ्या उन्हातान्हात येता, घरी निवांत अभ्यास करा ना." त्या चष्मा काढून पुसत राहिल्या. "घरी मी उठले काय, न उठले काय, कुणाला कळतंय रे? इथे आले नाही तर निदान हजेरीत तांबड्या शाईची फुली तरी पडते."

मी स्टाफरूममधून जुनं मस्टर आणलं, उघडलं आणि त्यांचा रोल नंबर पुकारला. "प्रेझेंट, सर," त्या म्हणाल्या. त्या वर्षी मी जमेल त्या दुपारी एका विद्यार्थिनीचा वर्ग घेतला, आणि खरं सांगायचं तर इतकं मन लावून मी नंतर कधी शिकवलं नाही.

टीचर पास झाल्या. एम.एस्सी.ला मात्र मार्क पुरले नाहीत. त्यानंतरच्या पावसाळ्यात वाडीत पाय घसरून त्या पडल्या आणि शेजारच्या बाईला आवाज जाईपर्यंत बराच वेळ चिखलात पडून राहिल्या. कॅनडाचा भाऊ धावत आला. तो त्यांना तिकडे न्यायला निघाला तेव्हा टीचरांनी खूप वाद घातला, पण या वेळी रांग त्यांच्या हातात नव्हती. घराला कुलूप लागलं, लुना कुणीतरी नेली. संध्याकाळी पाच वाजले की मी उगाच फोनपाशी घुटमळायचो.

जवळजवळ वर्षाने एका सकाळी त्यांचा फोन आला. तिकडे रात्र झाली होती. भावाच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी खगोलशास्त्राचा वर्ग चालतो, तिथे त्या जाऊ लागल्या होत्या. शिकवणाऱ्या पोराचं इंग्रजी निम्मं कळत नाही, आणि तोही फळा आडवाच पुसतो, म्हणाल्या.

"करमतं का टीचर?"

त्या म्हणाल्या, "अरे, इथे सगळे मला नुसत्या नावाने हाक मारतात. तो शिकवणारा पोरगासुद्धा. पहिल्या दिवशी मी मागे वळून बघितलं, कुणाला बोलावतोय म्हणून. आई गेल्यापासून मला नावाने कुणी हाक मारली नव्हती रे." आणि मग, जरा चाचरत, "तू मारून बघ ना एकदा. विद्यार्थिनी होते मी तुझी."

नाव मला माहीत होतं. दोनतीनदा घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते "टीचर"च. पलीकडे त्या हसायला लागल्या. कितीतरी वेळ हसत होत्या, आणि दोघांपैकी कुणालाच फोन ठेववेना.