मोकळी ठेवलेली ओळ

मी तापट माणूस आहे, निपाणीत कुणालाही विचारा. पण आमच्या दीप्तीपुढं माझं काही चालत नाही. दीप्ती मगदूम, चिकोडीकडच्या जैनाची पोरगी. आठ वर्षं झाली, माझ्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, सगळी अक्षरं तिच्या हातची. कन्नडची जोडाक्षरं ओळीखाली लोंबतात, मराठीच्या वेलांट्या वर चढतात. दोघांना एका पाटीवर भांडण न लावता बसवायचं म्हणजे सोपं वाटलं व्हय?

तिची एक सवय मात्र मला लई दिवस कळली नव्हती. गिऱ्हाईकानं लिहून आणलेला कागद ती बाजूला ठेवते आणि म्हणते, "वाचू नका, तोंडानं सांगा." माणूस ज्या शब्दावर जोर देतो तो शब्द ती ठळक करते. जिथं थांबतो, तिथं जागा सोडते. मी खेकसायचो, "अगं, नाडी बघायला हा काय दवाखाना हाय?" ती ऐकून घ्यायची आणि आपल्याला पाहिजे तसंच करायची. वर गिऱ्हाईक खूश होऊन जायचं, मग मी काय बोलणार, कपाळ!

गेल्या लग्नसराईत ओळखीतला भावकू आला. पुतणीची पत्रिका करायची होती. मागं त्याची वहिनी मालुबाई उभी. मालुबाईचा नवरा ज्योतिबा, म्हणजे भावकूचा थोरला भाऊ, पोरगी तीन वर्षांची असताना गेला. तेव्हापासून बाई विड्या वळते. विड्या वळूनच तिनं आरोहीला शिकवलं. पोरगी आता बेळगावात नर्स आहे, नवरा मुलगा कंग्राळीचा. भावकूनंही त्या मायलेकींना कधी वाऱ्यावर सोडलं नाही, खरं ते सांगितलं पाहिजे.

"सांगा मामा," दीप्ती म्हणाली.

"कैलासवासी ज्योतिबा..." भावकू थांबला. मागं वळून वहिनीकडं बघितलं, उगीच खोकला. मग "यांची कन्या आरोही" म्हणून सुटला तो निमंत्रक, चुलते, मामा, समस्त भावकी अशी सगळी नावं धडाधड सांगून मोकळा झाला.

"आणि आईचं नाव?"

"आमच्यात विधवेचं नाव पत्रिकेत घालत न्हाईत. लोकं नावं ठेवतील."

मालुबाई हळूच म्हणाली, "बारीक अक्षरात चालंल की भावजी. कोपऱ्यात कुठंतरी."

भावकूनं ऐकून न ऐकल्यागत केलं. मला राग आला होता, पण मी गिळला. गिऱ्हाईक त्यांचं, भावकी त्यांची, आपण कशाला मधी पडा? "दीप्ते, सांगितलंय तेवढंच घे," मी म्हणालो. आज त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिनं पडद्यावर पत्रिका दाखवली. झकास जमली होती, पण ज्योतिबाचं नाव आणि 'यांची कन्या' यांच्या मधी एक अख्खी ओळ कोरी.

"हे काय गं? दात पडल्यागत दिसतंय. गणपती तरी बसव तिथं."

"न्हाई अण्णा. तिथं दुसरं काय बसत न्हाई."

मी आणखी बोलणार, तेवढ्यात भावकू आणि मालुबाई आलेच. भावकूचंही बोट पहिलं त्याच ओळीवर गेलं. "ही जागा मोकळी का?"

दीप्ती खुर्ची वळवून त्याच्याकडं बघत म्हणाली, "मामा, मी माझ्या मनानं काय केलं न्हाई. काल तुम्ही ज्योतिबा म्हणून थांबलासा, मागं बघितलासा. जेवढं थांबलासा तेवढी जागा सोडलीया. भरायचं काय, ते तुम्हीच सांगा."

आता हा माणूस भडकणार, असं मला वाटलं. पण तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "दादा गेला तवा पोरगी हिच्या कडंवर हुती. घाल नाव. मालुबाई."

दीप्तीनं कीबोर्डवर हात ठेवला, तेवढ्यात मालुबाई पुढं आली. "मी लिवू? बचत गटात सही शिकलीया मी."

दीप्तीनं कोरा कागद आणि जाड पेन दिला. बाईनं तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं पदराला पुसली आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं. ओळ चढावर गेली होती. दीप्तीनं फोटो काढून ती सही तशीच त्या जागेत बसवली.

"सरळ तरी कर की," मी म्हणालो.

"आठ वर्षांत इतकं चांगलं अक्षर माझ्याकडनं झालेलं न्हाई, अण्णा. मी हात लावणार न्हाई."

खरंच, त्या छापील नावांच्या गर्दीत नजर पहिली तिथंच जात होती. मला भरून आलं. मी उगीच पंख्याला शिव्या घातल्या.

पत्रिका मोबाइलवर आली तशी भावकूनं स्वतः ती भावकीच्या ग्रुपवर टाकली. दीप्तीनं चहा मागवला. कप रिकामे व्हायच्या आत चुलतभाऊ गुंडूचं उत्तर आलं: शुभकार्यात हे नाव कसं घातलं? भावकूनं ते मोठ्यानं वाचलं. कान लाल झाले होते.

"काढा भावजी," मालुबाई घाईघाईनं म्हणाली. "माझ्यापायी वाद नगं. पोरीचं लगीन नीट होऊ दे."

भावकूनं तिच्याकडं बघितलं नाही. मोबाइल तोंडाजवळ धरला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं बोलला, "गुंडू, आई हाय ती पोरीची. तिनं बोलिवलंय. यायचं असंल तर ये."