मागचे दोन शॉकअप

बाबांनी पस्तीस वर्षं टॅक्सी चालवली, पण मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. भावाला मैदानात नेऊन शिकवलं. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, "बायकांका गाडीतला काय कळता?" पुढे मी पगारातून क्लास लावला, लायसन्स काढलं, जुनी गाडी घेतली. भाऊ परदेशी गेला. मग बाबा बाथरूममध्ये पडले, मणक्याला चीर गेली आणि त्यांना आठवड्यातून दोनदा घाटकोपरहून अंधेरीला उपचारांसाठी न्यायचं काम आलं कुणाकडे, तर माझ्याकडेच.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. धक्के लागू देऊ नका, आणि पाय बधिर वाटले तर ताबडतोब सांगा.

बाबा पाठीशी उशी आणि पायांवर चादर घेऊन मागे बसत. गाडी सुरू झाली की माझी परीक्षाही सुरू. क्लचवरचो पाय काढ, हॉर्न कशाक मारतंस, आणि स्पीडब्रेकर आला की कळवळून, "मागचे शॉकअप गेले गो तुझे! कान फसतत, पण ड्रायव्हराच्या बुडाक सगळा कळता."

मला पुढे बसून काही जाणवत नव्हतं. म्हटलं, जित्याची खोड. मी चालवते म्हणून खुसपट काढतात. तरी त्यांचं तोंड बंद करायला एका शनिवारी गाडी साकीनाक्याला गॅरेजात नेली.

मिस्त्रीने डिकीवर दोन्ही हात टेकून गाडी खाली दाबली आणि सोडून दिली. धक्के झेलणारा शॉकअप धड असेल तर गाडी एकदा वर येते आणि गप्प राहते. माझी तीन-चार वेळा डुलली. त्याने मागच्या चाकाच्या आत बोट फिरवलं, ते तेलाने काळं होऊन बाहेर आलं.

"मॅडम, मागचे दोन्ही गेले. मागे बसणाऱ्याची वाट लागत असेल ना! संध्याकाळपर्यंत टाकून देतो, गाडी ठेवून जा."

ठेवता आली असती. पण मग घरी जाऊन सांगावं लागलं असतं की बाबा, तुमचं बरोबर होतं. तेच माझ्या जिवावर आलं. नंतर बघू, म्हणून मी गाडी काढली आणि घरी आल्या आल्या ठणकावलं, "चारही नवीन टाकलेत. आता शॉकअपचं नाव काढायचं नाही."

पुढच्या फेरीत पहिल्याच खड्ड्याला बाबांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला आरशात दिसलं आणि खरं सांगते, बरं वाटलं. त्या दिवशी एका स्पीडब्रेकरला मी मुद्दाम ब्रेक उशिरा दाबला.

तिसऱ्या आठवड्यात ते आपणहून म्हणाले, "गाडी बरी ठेवलंस तू. माझाच चुकला. शॉकअप नवे, तरी माका जुनेच वाटतत. माझाच आता काय खरा नाय."

गाडी बरी ठेवलीस. हे ऐकायला मी जन्मभर थांबले होते. "सांगत होते ना मी," असं म्हणून मी ते शब्द ठेवून घेतले.

त्यानंतर त्यांनी गिअरबद्दलही बोलणं सोडलं. एका सकाळी शेजारी आला. त्याच्या गाडीत कसलासा आवाज येत होता, तो बाबांनी ऐकावा म्हणून. चाळीतले सगळे आधी बाबांकडे यायचे, मग गॅरेजात जायचे. बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "माका इचारू नको. माका आता कळणा नाय."

ते वाक्य मला लागलं. दुपारी ते झोपल्यावर मी साकीनाक्याला गेले आणि मागचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले. मिस्त्रीने पुन्हा गाडी दाबून दाखवली. एकदा वर आली आणि गप्प राहिली. घरी मात्र मी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला स्पीडब्रेकर अलगद गेला. मी हौसेने आरशात पाहिलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसरा गेला, मग मेट्रोखालचा खड्डा गेला. त्यांनी चादरीखाली हात घालून मांडीला चिमटा काढला.

"गो, आज कायच लागूक नाय," ते म्हणाले. "माझे पाय गेले काय गो?"

एका वाक्याचं काम होतं. बाबा, शॉकअप कालच बदलले, तुमचंच बरोबर होतं. ते वाक्य तोंडापर्यंत आलं, आणि मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारू."

डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं आणि सुईने पायाचं एकेक बोट टोचायला सुरुवात केली. बाबा दर वेळी अंग चोरत होते आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. मी त्यांच्या चपला हातात घेऊन कोपऱ्यात उभी होते.

"ऐकलंस गो?" ते मला ओरडून सांगत होते. "लागता! माका लागता!"