दगड उलटून पाहा

मुलांसाठी लिहिलेल्या माझ्या समुद्रकिनाऱ्याच्या पुस्तकातलं एक वाक्य मला फार आवडायचं: 'ओहोटीला दगड उलटून पाहा, खाली अख्खं गाव राहतं.' गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका शाळेने ते पुस्तक वाचून आमच्या थळच्या किनाऱ्यावर सहल आणली आणि मला बोलावलं.

मी पोचलो तेव्हा मुलं आधीच खडकांत पांगली होती. जिकडे बघावं तिकडे दगड उताणे पडलेले. त्यांच्या पोटाला चिकटलेली शंखांची अंडी उन्हात सुकत होती, बारके खेकडे सावली शोधत होते. बाईंनी तिथेच माझ्या खांद्यावर शाल घातली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

जवळच्या एका मुलीला मी हळूच विचारलं, "दगड परत का नाही गं ठेवलेस?"

तिने पुस्तकातलं पान काढलं. "असं यात नाहीये, सर."

नव्हतंच. लहानपणी मी आईबरोबर खडकांना चिकटलेले शिंपले, कालवं, काढायला जायचो. दगड उघडा टाकून पुढे गेलो की ती म्हणायची, "घराचं दार असंच सोडून येतोस काय रं?" पुढे ते हाताला वळणच पडलं. इतका, की पुस्तकात लिहायचं सुचलंच नाही.

"मुलांनो, माझ्याकडून एक गोष्ट लिहायची राहिली," मी मोठ्याने म्हणालो.

"सर गंमत करतायत," बाई घाईने म्हणाल्या. मुलं हसली.

मी शाल काढून पिशवीत कोंबली आणि वाकून दगड पालथे घालू लागलो. ती मुलगी आली. "वरची बाजू कुठली?" "शेवाळाची." आणखी दोघंचौघं आली. बाकीची डबे उघडून बसली. आमचं निम्मंही झालं नव्हतं तेव्हा बसचा हॉर्न वाजला. कित्येक दगडांखालचं तोवर वाळून गेलं होतं.

घरी आईने शाल हातात घेऊन चाचपली. "कशापायी दिली?"

"समुद्राच्या पुस्तकाबद्दल."

"समुद्रावर तुला नेलं कुणी? निम्मी माझी हाय." शेजारणीला ऐकू जावं अशा आवाजात ती म्हणाली आणि शाल पांघरून बसली. तिला वाचता येत नाही. "वाच की त्यातलं काय तरी."

मी पुस्तक उघडलं. दगडांचं पान उलटलं आणि पुढचं, पक्ष्यांचं, वाचायला लागलो.