मोठ्या टाकीचं पेन

रविवार, सकाळ. हजर: मी आणि चहाला आलेले दीर.

माझ्या वडिलांना आता जाड, काळं अक्षरच वाचता येतं, म्हणून त्यांना पत्रं लिहायला मी रुंद निबेचं, मोठ्या टाकीचं महागाचं शाईपेन घेतलं. रोजच्या लिखाणात पारखलं. शाई आठवडाभर पुरते, निब कागदावर नुसती टेकवली तरी चालते.

आज दिरांनी त्या पेनानं कार्बन घालून तीन प्रतींचा अर्ज भरला. निबेची दोन्ही टोकं फाकली.

"वहिनी, एवढं महागाचं, आणि जरासा दाब सोसत नाही?"

संताप आला. जो दाब सोसेल तो चांगला, हीच या घराची पारख. माणसांनाही तीच लावतात. मी वीस वर्षं त्यात उत्तीर्ण होत आले.

"नाही सोसत, भाऊजी. दुरुस्त करून आणा."

ते पेन घेऊन गेले. वडिलांचं या आठवड्याचं पत्र लिहायचं राहिलंय.