दुपारचा लाल दिवा

कामशेतच्या बाजारात एका तांदळाच्या गोदामात मी बिलं बघते. दिवाळीनंतर तिथलं नेट जायला लागलं. पावसाळाभर ते नीट चाललं होतं. पावसात आमच्याकडे वीज जाते, रस्ता जातो, पण नेट तेवढं टिकलं. मग ऊन पडलं, नवा इंद्रायणी तांदूळ यायला लागला आणि रोज भर दुपारी राउटरवरचा हिरवा दिवा विझून लाल दिवा लुकलुकायला लागला. संध्याकाळी मी घरी निघायच्या सुमाराला तो आपोआप परत हिरवा व्हायचा.

ट्रकसोबत द्यायचं बिल ऑनलाइन निघतं. ते हातात पडेपर्यंत ड्रायव्हर भरलेला ट्रक घेऊन दारात उभा राहतो. मोबाइलचं नेट वापरून पाहिलं, पण पत्र्याच्या शेडखाली पोत्यांच्या थप्प्यांमध्ये त्याला रेंज मिळत नव्हती.

"ताई, तुमच्या नेटपायी माझी घाटातली वेळ चुकती," एक ड्रायव्हर रोज ऐकवायचा. नेट माझं नव्हतं, पण खुर्चीत मी होते.

मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन करायला लागले. मराठीसाठी बटण दाबलं की हिंदी बोलणारा माणूस यायचा. राउटर बंद करा, थोडं थांबा, चालू करा. कुठला दिवा लागलाय? लाल. मग पुन्हा बंद करा. एकाने पावसामुळे लाइन खराब असेल असं सांगितलं. बाहेर इतकं कोरडं ऊन होतं की अंगणात भात वाळत होता. संध्याकाळी दिवा हिरवा झाला की मेसेज यायचा, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. एकदा त्यांचा माणूस येऊन नवा राउटर बसवून गेला. सकाळी आला होता. सगळं चालू दाखवून गेला आणि दुपारी नवा राउटरही लाल झाला.

या काळात मला राग आला असं म्हणता येणार नाही. मी फक्त मदत केंद्रासारखी बोलायला लागले. घरी नवरा भाजीत मीठ नाही म्हणाला, तेव्हा मी म्हणाले, "तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो." तो जेवायचा थांबून माझ्याकडे बघत राहिला.

मग एका दुपारी फोनवर एक मुलगी आली. मराठी बोलणारी. पत्ता सांगितल्यावर क्षणभर थांबून म्हणाली, "कामशेत का? माझं माहेर तिथून जवळच, पवना धरणाच्या बाजूला आहे." आणि लगेच आवाज बदलून, "मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतो आहे. राउटर बंद करून चालू केलात का?"

"केला."

"मॅडम, तुम्हाला कनेक्शन बंद करायचं आहे का?"

"नाही हो. नीट चालू करायचंय."

"मी परत विचारते. तुम्हाला आमचं कनेक्शन कायमचं बंद करायचं आहे का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती पलीकडे वाट बघत होती.

"हो," मी म्हणाले. "बंद करायचंय."

"धन्यवाद मॅडम. तशी नोंद करते. कनेक्शन बंद करणाऱ्यांकडे आमचे सीनियर स्वतः जातात. उद्या तुम्हाला भेटायला येतील." आणि फोन ठेवला.

सीनियर खरंच आला. पण तोही सकाळीच. त्याने मशीन लावून बघितलं, सिग्नल उत्तम आहे म्हणाला आणि बॅग आवरायला लागला. आमचे शेठ सत्तरीचे, तीन पिढ्या याच बाजारात तांदूळ विकणाऱ्या मुसलमान घरातले. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

"बसा. चहा घ्या. नेट आहे हे आम्हालाही दिसतंय. ते दुपारी जातं, ते जाईपर्यंत थांबा."

तो बसला. चहा झाला, फोन झाले, आमच्याबरोबर जेवणही झालं. शेठ दुपारच्या नमाजाला मशिदीत गेले, आणि ते परत येऊन चपला काढत होते तेवढ्यात दिवा लाल झाला. सीनियर उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, हे मला विचित्र वाटलं.

वायर भिंतीवरून शेजारच्या घराच्या गच्चीवर जात होती. आम्ही तिघं त्या जिन्याने वर गेलो. गच्चीवर शेजारच्या मावशी उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर आमच्या वायरवर दोन ओल्या गोधड्या वाळत होत्या. वजनाने वायर कठड्याच्या कडेवर पार वाकली होती. आतून काचेच्या धाग्यातून उजेड जातो, असं वाकवलं की पुढे पोचत नाही, सीनियरने सांगितलं. पावसाळ्यात मावशींचे कपडे घरातच वाळायचे.

"मावशी, ही वायर आहे," मी म्हणाले.

"व्हय, मंग? मी काय तोडली न्हाई. आयती बांधलेली दिसली, म्हनून टाकली कापडं." मग तिघांकडे बघून जरा नरमल्या. "लय नुकसान झालं का?"

"न्हाई मावशी," शेठ त्यांच्याच बोलीत म्हणाले. "कुटं काय. तुमाला दोरी देतो आपन."

गोधड्या उचलल्या तशी खालून हमालाची हाक आली की दिवा हिरवा झाला. शेठनी गोदामातून पोती बांधायची सुतळी न पाठवता बाजारातून चांगली नायलॉनची दोरी आणवली. सीनियरने स्वतः ती बांधून दिली आणि आमची वायर कठड्याच्या बाहेरून ओढून घेतली. जाताना म्हणाला, "इतक्या दिवसांत कुणी वर येऊन बघितलं नाही का?" त्याच्या कंपनीच्या माणसानेही बघितलं नव्हतं.

कनेक्शन बंद करायची नोंद मात्र तशीच राहिली होती. आठवडाभर निरनिराळे लोक फोन करून मी जाऊ नये म्हणून समजावत राहिले. मी जाणार नाही म्हटलं तरी ते आपलं सगळं बोलणं पुरं करायचे. त्यांतल्या एकीला मी विचारलं, पवनेच्या बाजूची एक मुलगी तुमच्याकडे आहे, तिला माझा निरोप द्याल का? अशी माहिती देता येत नाही, असं ती म्हणाली. माझ्याजवळ तिचं नावही नव्हतं.

मावशी आता दुपारी कपडे वाळत घालून झाले की कठड्यावरून खाली वाकतात आणि विचारतात, "हाय का गं?" मी हाय म्हणते आणि पुढचं बिल काढते.