आर्डाची गोधडी

लारू मिकलसनला सवत होती, आणि ती मेलेली होती. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं. मेलेली चुकत नाही, म्हातारी होत नाही, आणि मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती लोकांत तर सुटतही नाही. कारण त्यांच्या मंदिरात बांधलेली लग्नगाठ मरणानंतरही कायम राहते. व्हर्लने ती आधी आर्डाशी बांधली आणि आर्डा गेल्यावर लारूशी. म्हणजे वर गेल्यावर तिघांचा संसार, आणि त्यात आपण दुसऱ्या. लारूला हे जेवतानासुद्धा आठवायचं.

अमेरिकेत युटातल्या मँटाय गावात तिचा सारा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. लग्न काही जमलं नाही. दुसऱ्यांच्या पोरांच्या बारशांना पाव भाजून नेता नेता पन्नाशी जवळ आली, तेव्हा टर्की पक्षी पाळणारा हा विधुर पुढे आला. लारू हरखून गेली. मग लग्नाआधीच व्हर्लने तिला गावची दफनभूमी दाखवली. आर्डाच्या दगडावर त्याचंही नाव कोरून तयार होतं, फक्त मरणाची तारीख तेवढी राहिली होती. लारूसाठी जागा होती ती पलीकडे, झाडाखाली.

"तुला सावली आवडते ना?" व्हर्लने विचारलं. माणूस वाईट नव्हता. जन्मभर टर्कींशीच बोलल्यामुळे तसा झाला होता.

म्हातारपणी दोघं धर्मसेवेसाठी पॅसिफिक महासागरात, टोंगातल्या व्हावाऊ बेटावर आली. हट्ट लारूचाच होता. इथे आर्डाला कुणी ओळखत नव्हतं. इथे तरी नवरा आपल्या एकटीचा होईल, असा तिचा हिशोब. पण पहिल्याच दिवशी व्हर्लने बॅगेच्या तळातून आर्डाने शिवलेली गोधडी काढली, निळ्या चांदण्यांची, आणि पलंगावर पसरली.

"इथे घामाने भिजायला होतंय आणि तू गोधडी आणलीस?"

"पायांवर काहीतरी लागतं गं मला."

"चादर घे."

"चादरीला वजन नसतं."

लारूच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवसापासून तिने एक नियम घट्ट धरला. सेवेत असताना जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, हा तो नियम. खरा तो पोरसवदा सेवकांसाठी. म्हाताऱ्या जोडप्यांना एवढं कोण विचारतो? पण व्हर्ल केळी आणायला निघाला तरी ही चप्पल घालून तयार. का, तर नियम.

त्यातच शेजारच्या मेलेनाइतेची आई वारली. टोंगात पुरल्यावर वाळूचा ढीग करतात आणि डोक्याशी काठ्या रोवून त्यांवर गोधडी ताणून लावतात. उन्हापावसात विरेपर्यंत ती तिथेच राहते. मेलेनाइते कमरेला सुतकाची चटई गुंडाळून निरोप सांगायला आली, तेव्हा व्हर्ल आंघोळीला गेला होता. तेवढी एकच वेळ नियमात बसत नव्हती.

लारूने आर्डाची गोधडी घडी घालून तिच्या हातात ठेवली. "आईसाठी, आमच्याकडून."

मेलेनाइते गोधडीत तोंड खुपसून रडली. "सिस्टर, स्वतःच्या अंथरुणावरची दिलीत? इतकं कोण देतं?"

विरू दे आता, लारू मनात म्हणाली. इतकं हलकं तिला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

व्हर्लला गोधडी दिसली ती थेट थडग्यावर. घरी आल्यावर म्हणाला, "विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"हो," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्याने टोपी घातली. दफनभूमीत निघाला होता. लारूला घरी बसायचं होतं, पण नियम कुणी धरला होता? गेली मुकाट्याने. मग ते रोजचंच झालं. व्हर्ल पालापाचोळा झाडायचा, वाळू सारखी करायचा आणि पालथ्या बादलीवर गोधडीवरच्या चांदण्यांकडे बघत बसायचा. शेजारच्या बादलीवर लारू. मँटायला आर्डाचं एक थडगं होतंच. टोंगातलं दुसरं लारूने स्वतःच्या हाताने दिलं होतं.

"एल्डरची माझ्या आईवर किती माया!" मेलेनाइते व्हर्लबद्दल गावभर सांगायची. "सिस्टरही एक दिवस चुकवत नाहीत." लारूला त्यावर हसावं लागायचं.

एके संध्याकाळी तिला राहवलं नाही. "व्हर्ल, वर गेल्यावर मी कुठे बसायचं? तू असशील, ती असेल. मी काय, बादलीवर?"

व्हर्लने टोपी काढून डोकं खाजवलं. "मला नाही ठाऊक. तुम्ही दोघी मिळून माझं काय कराल, याचीच मला भीती वाटते."

ती हसली नाही. तेव्हा तो हळूच म्हणाला, "मँटायला मी तिच्या थडग्यावर कधी गेलो, सांग. तू आल्यापासून?"

लारूने आठवून पाहिलं. तिला एकही दिवस आठवेना.

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही गेलो," व्हर्ल म्हणाला. "इथे तिला तूच आणलंस."

त्या आठवड्यात वारा सुटला आणि गोधडीचा एक कोपरा टराटरा फाटला. व्हर्ल घरून सुई-दोरा घेऊन आला. डोळे बारीक करून कितीदा प्रयत्न केला, पण सुईत दोरा जाईना.

"दे इकडे," लारू म्हणाली. "आर्डाने पाहिलं तर हसेल तुला."

हे नाव तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा घेतलं होतं. उभ्या उभ्याच तिने कोपरा शिवून काढला. टाके आर्डाच्या टाक्यांहून बारीक पडले होते. तिने त्यांवर पुन्हापुन्हा हात फिरवला, आणि वरून कुणी पाहत असेलच तर त्या बाईला नीट दिसावेत म्हणून जराशी बाजूला सरकली.